सोळातलं एक

उद्यमनगरात सर्जादादा लाकडाचे पॅटर्न करतो.
त्यांच्यावरून वाळूत साचा उठतो,
साच्यात बीड ओतलं की हजार पंप, हजार सारखे.
घरी मात्र त्याला सारखं काही चालत नाही.

मागच्या खोलीत मांडणीभर डबे,
डब्यात भुसा, पाण्याची वाटी,
आणि पोटावर मक्याचे दाणे उमटलेले साप.
परवान्याचा कागद दाराला डकवलाय,
तरी खालच्या कांबळेकाकू जिना चढत नाहीत.
फ्रिजात पेढ्यांच्या डब्यात उंदीर,
वहिनीनं दुसरा फ्रिज घेतला.

नर तांबूस, मादी तांबूस.
पण दोघांच्या आत काहीतरी दडलंय, दादा म्हणतो,
कुठल्या तरी पणज्याचं, वर न आलेलं.
वहीत त्यानं सोळा घरं आखली,
एकात फुली मारली.

अंडी माशांच्या थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या काथ्यात.
थर्मामीटर माझ्याकडे.
रात्री दोनदा उठायचं. मला तशीही झोप कमी.
साठाव्या दिवशी एक साल फाटलं,
नाक बाहेर आलं
आणि तिथंच थांबलं, दिवस मावळेपर्यंत.

अकरावं पिल्लू लाल,
आणि कडेनं पांढरं,
कुणी चालता चालता पेज सांडावी तसं.
दादानं बेळगावच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.
शनिवारी तो आला, चष्मा कपाळावर सरकवला,
"काय डाग आहेत हो!"
आणि आकडा सांगितला.

माझ्या मानेवर पहिला डाग आला तेव्हा मी दहावीत.
मग हात. मग ओठाचा कोपरा.
गडहिंग्लजचे पोहे खाऊन गेले,
मुरगूडचे पोह्यांनाही थांबले नाहीत.
दादा तेव्हा काही बोलला नाही.
अंधार पडेपर्यंत एकाच फळीवर रंधा मारत राहिला,
फळीचं काहीच उरलं नाही.

आज नोटा मोजताना
त्याची नजर माझ्या हातावर आली
आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

पिल्लू माझ्या मनगटाला वेढून होतं,
पांढऱ्यावर पांढरं,
आपण कुठं संपतो ते त्यालाही उमगत नसावं.
गिऱ्हाइकानं डबा पुढं केला.
मी म्हणाले,
"दोनदा कात टाकल्याशिवाय देत नाही आम्ही."

असा काही नियम नव्हता.
दादानं मान डोलावली.