कारण क्रमांक सत्तेचाळीस

डुलुथमध्ये सहा महिने बर्फ,
पण आमच्या पार्किंगची फरशी आतून गरम असते.
कंपनी मोठी. कबूल करायलाच हवं.

एकोणीस वर्षं मी विम्याचे दावे तपासते.
लार्सच्या डायलिसिसचं बिल
कधी पूर्ण उघडूनही पाहिलं नाही;
खाली शून्य असतं, तेवढं पुरतं.
वरच्या साहेबाचं नाव दर दोन वर्षांनी बदलतं,
पाठ करणं आम्ही सोडलंय.

शेजारच्या टेबलावरची माई येर
चिकट भाताचा डबा उघडते,
अर्धा माझ्याकडे सरकवते.
नवीन आहे अजून.
"सत्तेचाळीस म्हणजे नक्की काय गं, लोर्ना?"
"गरज सिद्ध झाली नाही."
"कुणाची?"
मी भात चावत राहिले.

मंगळवारी एक फाइल आली.
व्हीलचेअर. मुलगा, वय नऊ.
पत्ता आमच्याच चर्चच्या मागचा.
ओळखीचं कुणी असेल तर फाइल परत करायची,
असा नियम आहे.
चांगला नियम आहे.
परत केली.
पुढे काय झालं ते मला दिसू शकतं,
एक बटण दाबायचं फक्त.
मी टेबल पुसून घेतलं.

रविवारी कॉफीच्या रांगेत त्याची आई माझ्यापुढे.
मुलगा कडेवर,
पाय तिच्या गुडघ्यांखाली लोंबणारे.
"तू अजून तिथंच ना? बरं आहे बाई,
अशी नोकरी सोडू नये."

मी हो म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
तिचे हात मोकळे नव्हते,
साखर मीच घातली.