अंगचं तेल

खटावकर टेलर पंखा घेऊन आले
कडेवर आजारी पोर घ्यावं तसा.
"डोईफोडेबाई, हा रात्रीचा किरकिरतो."
मी पातं बोटानं फिरवलं.
शाफ्टला खुळखुळ, पोस्टकार्डाच्या जाडीची.
"मागचा बुश गेलाय," म्हटलं.
"मुलगा म्हणतो, नवा घ्या."
"मग?"
"मग काय. तुमच्याकडे आलो."

बिबवेवाडीत, पार्किंगच्या अर्ध्या जागेत
माझं लेथ मशीन.
दोन ते चार बंद ठेवायचं, असा सोसायटीचा ठरावच आहे.
जुन्या बाजारातून बुधवारी आणलेला ब्राँझचा तुकडा,
भुकटी दाबून भट्टीत भाजलेला.
दिसतो भरीव, आतून पोळ्यासारखा.
छिद्रं इतकी बारीक की डोळ्याला नाहीत,
तेलाला आहेत.

पहिला बुश मी बिघडवला.
टूलला धार लावायचा कंटाळा केला
आणि वर, सवयीनं, आतूनबाहेरून पॉलिश पेपर मारला.
काय चकाकला!
टिकली लावायला आरसा नको.
औंधच्या आयटीआयमध्ये असता तर
सरांनी वर्गभर फिरवला असता.
भोसरीत सव्वीस वर्षं
असेच तर देत आले मी,
पुसून, मोजून, सही करून, ट्रेमध्ये रचून.

मग त्यात तेल भरलं.
खालून एक अंगठा, वरून एक,
आणि दाबलं.
काही नाही.
चोळून चोळून तोंडं मिटली होती त्याची.
पोटात तेल, अंग कोरडं ठणठणीत.

चहा गार झाला त्या संध्याकाळी.
कुणाकुणाला आपण "मजेत" म्हणालो,
आठवत बसले. उगाच.

दुसऱ्या दिवशी टूल दगडावर घासलं,
नखावर टेकवलं की घसरणार नाही, इथवर.
पॉलिश पेपर खणात, खणाला कुलूप.
शेवटचा कट केसाएवढा.
लांब कीस नाहीच, पिवळी धूळ तेवढी उडाली,
आणि बुश निघाला मळकट, पिठूळ,
चारचौघांत दाखवायला लाज वाटावी असा.
रात्रभर कोमट तेलात ठेवला.
पातेलं घरचंच.
ह्यांनी आमटी समजून झाकण उघडलं.

सकाळी पुन्हा दोन अंगठे.
दाब.
आणि भिंतीतून, जिथे वाट नाही तिथून,
एक थेंब,
मग तीन,
मग सबंध बुशच
ओझं वाहिलेल्या माणसाच्या कपाळासारखा ओला.
एवढंच त्याचं कसब:
तापला की देतो,
निवला की परत आत घेतो.
पुन्हा मागत नाही फारसं.

खटावकरांनी पंखा लावला, कान जवळ नेला.
"चालू आहे ना?"
पातं समोर गरगरत होतं, तरी.

पुढच्या आठवड्यात ब्लाउज आणायला गेले
तर जाळीला लाल अस्तराची चिंधी,
फडफडणारी.
"हे काय?"
सुई दातांत धरून म्हणाले,
"आवाजच नाही हो.
पाठ केली की कळणार कसं?"