टेकू नये म्हणून

मिंगेलनं डुकराचं रक्त बाटलीत ओतून दिलं
आणि विचारलं, सोरपोतेल किती माणसांचं?
एकाचं, मी म्हटलं.
तळाशी सायट्रेट आधीच घातलं होतं, गोठू नये म्हणून.
त्याला ते मीठ वाटलं असावं.

फर्मागुडीच्या टेकडीवर, वर्कशॉपमागच्या खोलीत
सहा वर्षं एक चकती तरंगवतोय आम्ही,
चहाच्या पेल्याच्या बुडाएवढी.
कायतान तिला पंखा म्हणतो.
तो गोदीत बार्जचे पंखे कातायचा, पुरुषभर उंचीचे.
खाणी बंद पडल्या, बार्ज चिखलात बसले,
तेव्हा तो आमच्याकडे आला
आणि पहिला महिनाभर नुसता हसत होता.
आता डोळ्याला भिंग लावून बसतो.
पात्याची कड घासताना श्वास सोडत नाही.

चुंबकाची एक खोड आहे.
नुसते चुंबक लावून काहीच अधांतरी राहत नाही.
वरखाली सांभाळलं तर बाजूनं निसटतं,
बाजू सांभाळली तर वर जाऊन चिकटतं.
म्हणून लक्ष ठेवावं लागतं,
सेकंदाला वीस हजार वेळा:
कुठे आहेस?
आणि उत्तर येताच केसाहून कमी ढकलायचं,
परत विचारायचं.
एवढं लक्ष मी कुणाकडेच दिलेलं नाही.

भोवतीची फट अर्ध्या मिलिमीटरची.
तीतून पेशी जायला हव्यात, न फाटता.
सहा तास रक्त फिरवायचं, मग नळीत घालून गरगरवायचं,
वर जे पाणी सुटतं त्याचा रंग बघायचा.
फिकट पिवळा, तर जेवायला जायचं.
सोलकढीचा आला की दिवस फुकट.

एकदा वीज गेली आणि बॅटरीनं ऐन वेळी दगा दिला.
चकती टेकली.
बशीवर चमचा घासावा तसा आवाज, फार तर दोन सेकंद.
कायताननं छातीवर क्रूस काढला.
खोलीत कुणीही मेलं नव्हतं.

दुर्भाटच्या मानशीवर दुलबाकाका असतात.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीच्या पाण्यानंच मिटणारं, ओहोटीच्या पाण्यानंच उघडणारं.
त्यांचं हृदय किती ढकलतं ते बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलं:
अठरा टक्के.
काका म्हणाले, सोसायटी एवढं व्याज देत नाही.

मी त्यांना पंप दाखवायला नेला, रिकामा, नमुन्याचा.
तळहातावर घेऊन त्यांनी तो उलटसुलट केला.
"हाका दारां खंय?"
दारं नाहीत काका. हा थांबतच नाही, म्हणून मिटायचं कारण नाही.
नाडीसुद्धा लागणार नाही कदाचित.
त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर ठेवली
आणि बराच वेळ काढली नाहीत.
मग मी बाकीचं सांगितलं:
पोटातून बाहेर येणारी वायर, कमरेला बॅटऱ्या,
रात्री भिंतीच्या प्लगला लावून निजायचं.
सगळं ऐकून घेतलं.
"बरें आसा. पूण उदकांत देंवूंक जातलें?"

नाही, म्हणाले.
एवढंच म्हणाले.
जखमेच्या तोंडाशी पाणी चालत नाही, जंतू, वगैरे
मनातल्या मनात.
त्यांनी पंप पंचानं पुसून परत दिला,
कुणाचं भांडं परत द्यावं तसा.

सोमवारी आवश्यकतांच्या तक्त्यात एक ओळ वाढवली.
त्रेचाळीस: रुग्णाला कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभं राहता यावं.
कायताननं वाचलं आणि बार्जच्या दांड्याला पाणी कसं अडवतात
ते पाकिटाच्या मागे काढून दाखवलं. उपयोगाचं नव्हतं.
मी ते पाकीट ठेवलंय.
सरांनी ओळीशेजारी लाल शाईनं लिहिलं, कशासाठी?
मी खाली लिहिलं:
भरती चढताना कधी कधी फळी अडकते.
हातानं सोडवावी लागते.