कूलर बंद झाल्यावर

राजरतनची ड्यूटी रात्रीची, रोहण्याच्या सबस्टेशनवर.
आठ तास ट्रान्सफॉर्मरची गुणगुण अंगावर घेऊन
तो सकाळी येतो, पोहे खातो, भिंतीकडे तोंड करतो.
म्हणून माझी एकच अट होती:
डबा मुका पाहिजे.

डबा म्हणजे, दोन हार्ड डिस्क पोटात घेऊन
राउटरशेजारी बसणारा. एक मेली तर दुसरी
तेच सगळं पाठ म्हणून दाखवेल असा.
मागच्या वर्षी माझ्याकडे एकटीच होती.
टक, टक, टक. तीन दिवस बोलली आणि गेली.
तिच्यासोबत सोळा लग्नं गेली,
हायस्कूलचं गॅदरिंग गेलं,
आणि कमलबाई थूल.
त्यांच्या मुलानं बॅनरसाठी फोटो मागितला
तेव्हा मी म्हटलं, शोधते.
अजून तेच सांगते.

तीन महिने मी डेसिबल वाचले.
एकोणीस. बावीस. एकतीस.
बावीस म्हणजे किती गं, श्रावस्ती?
ती म्हणाली, आई, पान वाजतं तेवढं.
कोणतं पान? सागाचं का कडुनिंबाचं?
सागाचं वाळकं पान अंगणात पडलं
तर कुत्रं उठतं.

मोठा पंखा हळू फिरतो, कमी ओरडतो, हे कळलं.
बिनपंख्याचाही मिळतो,
पण मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली
त्यानं काय करावं?
घामसुद्धा येत नाही बिचाऱ्याला.
भाचा म्हणाला, फिरतीऐवजी चिपवाली घे मावशी,
ती श्वासही घेत नाही.
मग त्यानं किंमत सांगितली
आणि मीच श्वास घेतला.

बर्डीवर दुकानदारानं एक सुरू करून दिला.
राजरतननं कान लावला, डोळे मिटले,
जाळीपलीकडून ट्रान्सफॉर्मरला लावतो तसा.
"काई आयकू येते का?"
"बसेस," तो म्हणाला.
मग तळहात ठेवला वरून, बराच वेळ.
"हाच घेऊ. याची थरथर एकसारखी हाये."

एप्रिलच्या एकवीसला डबा घरी आला.
पाटावर बसवला, पाटाखाली चपलेच्या रबराचे चार तुकडे,
थरथर भिंतीत जाऊ नये म्हणून.
आमचे फोन त्यात आपोआप रिकामे होऊ लागले.
पुलगावहून नणंद
पोराची हळद पुन्हा पुन्हा पाहू लागली.
सगळं ठीक.
फक्त तो मुका आहे का, ते कळेना,
कारण खिडकीत कूलर होता,
आणि कूलर सुरू असताना आमच्याकडे
माणसं खुणांनी जेवतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात,
राजरतनच्या सुट्टीच्या रात्री,
दीड वाजता लाइन गेली.
कूलर गरगरत थांबला.
ताटीतून एक थेंब पडला, मग तोही नाही.
छोट्या यूपीएसवर डबा एकटा जागा,
हिरव्या ठिपक्याएवढा.

तेव्हा ऐकू आलं.
सुपातल्या तुरीच्या डाळीतून
बोट फिरावं तसं. थांबे. पुन्हा फिरे.
राजरतन उठून बसला होता.
लाइन गेली की तो उठतोच, सुट्टी असो नसो.
"बंद करू का?"
"नको. काई तरी लिहून रायली ते.
लिहू दे."

दुपारची ठोंबऱ्यांकडची हळद असावी,
चारशे बारा फोटो,
एकदा स्वतःसाठी,
एकदा शेजारणीसाठी.

मग त्याचा फोन वाजला, फीडर ट्रिप,
आणि तो अंधारात बाहेर गेला.
मी पडल्या पडल्या ऐकत राहिले.
कडुनिंबाचं.
सकाळी श्रावस्तीला सांगायचं,
बावीस म्हणजे कडुनिंबाचं.