घड्याचा कान

लिव्हरपूलच्या संग्रहालयाचं तळघर.
वर शाळेची पोरं ममीभोवती किंचाळतायत,
खाली मी, एक मऊ ब्रश, आणि ट्रे नंबर चारशे सतरा :
लाखीशचा कान.
घडा नाही. नुसता कान,
त्यावर चार पंखांच्या भुंग्याचा शिक्का
आणि अक्षरं : ल म ल क. राजाचा.
त्यातली तीन माझ्या नावात आहेत.

ग्विलिम येतो. मेथडिस्ट पाद्र्याचा मुलगा,
बिस्कीट चहात बुडवून विसरणारा.
"लाखीशची राख पोथीशी जुळते.
अश्शूरी फौज आली, शहर जळलं, हे खरं.
यरीहोचं मात्र जुळत नाही.
कर्णे वाजले म्हणतात तेव्हा तिथे
पाडायला भिंतच नव्हती, मिल्का."
आणि असा बघतो, जणू माझ्या घरातलं कुणी गेल्याचं
त्याला सांगावं लागलं.

मी म्हटलं, आमच्या नवगावलाही काही सापडलेलं नाही.
डोलकाठी नाही, फळी नाही, खिळा नाही.
बाबा मात्र बोटं मोडून सांगायचे :
गलबत फुटलं, सात बाया सात बापये वाचले,
पोथ्या बुडाल्या.
उरलं काय, तर खवल्यांचाच मासा,
शनवारी घाणा बंद,
आणि एका प्रार्थनेचा पहिला शब्द.
त्याचा अर्थ : ऐक.

"पुरावा?" त्यानं विचारलं. खोचकपणे नव्हे.
मला घाण्याचा बैल दिसला,
मी कधीच न पाहिलेला,
जू उतरलेल्या मानेचा,
सहा दिवसांच्या सवयीनं खुंट्याभोवती गोल फिरणारा.
गावानं आम्हाला नाव दिलं
ते त्या रिकाम्या मानेवरून :
शनवार तेली.

भिंतीलाही कान असतात म्हणे.
इथे भिंत नाही, कान आहे.
आतल्या बाजूला कुंभाराच्या अंगठ्याचा खळगा.
हातमोज्यातला माझा अंगठा त्यात
जरा दाटीनं बसतो.
दाबताना त्याच्या डोक्यात पोथी नसणार,
भट्टीचं लाकूड असेल,
किंवा ठणकणारी दाढ.

रजिस्टरात लिहिलं :
भाजकी माती. कान, एक. घडा नाही.

पाच वाजता दिवा बंद करून वर आले.
मर्सीवरून एक बोट काही न बुडवता पलीकडे गेली.
तेव्हा आठवलं, आज शनिवार.
आणि सकाळपासून
माझा घाणा चालूच होता.