घोट्यापर्यंतचा बाजार

भरड नाक्यापासून बंदरापर्यंत
आमची बाजारपेठ तशी साडीच्या पन्ह्याएवढीच.
दोन रिक्षा समोरासमोर आल्या
की एकीनं निऱ्या आवरायच्या.

रस्त्यावर डांबर चढत गेलं,
पारकरांचं कापडदुकान होतं तिथंच राहिलं.
त्याच्या पायरीच्या बगलेत माझं पिको-फॉलचं मशीन.
म्हणून मला बाजार दिसतो
घोट्यापर्यंत.

साडेपाचला पाय सुरू होतात.
बँकेतले साळगावकर जाताना डावी चप्पल घासतात,
येताना दोन्ही.
रोझी डिमेलोचे पांढरे सँडल फक्त रविवारी.
पाहुण्यांचे बूट वाळू सांडत
खाजं कुठलं चांगलं विचारत फिरतात.
आणि कॉलेजातले दोन जोड,
मधे वीतभर अंतर ठेवून;
फोटो स्टुडिओ ओलांडला की ते चार बोटांवर येतं.
मी कुणाला सांगत नाही.

घ्यायचं काहीच नसतं कुणाला.
पिशवी रिकामी दिसू नये म्हणून एखादं रीळ, पावशेर कांदे.
"जरा बाजारात जावन येतंय" म्हणजे
जरा माणसांत.

एकदा एका पाहुणीनं वाकून विचारलं,
"मावशी, हा रस्ता कुठे जातो?"
"जातलो खंय? हयच तर आसा,"
म्हटलं, आणि जीभ चावली.
अकरा वर्षं झाली, संध्याकाळचं बंदर बघून.

मंगळवारी लाइट गेली.
मोटर थांबली, सुई कापडात रुतलेली.
मी उठले, वर आले
तर एकदम नुसते चेहरे,
एकही ओळखीचा नाही.
"काय गो द्वारका, आज उभी?"
मी खाली बघितलं. मग हसले.
साळगावकर.

पुढे बायका चालल्या होत्या.
काळोखातही कळत होता माझा फॉल,
पावलामागे पाऊल सरळ पडणारा.

बंदरावर पाण्याचा काठ
सगळा उसवलेला.
येतो, पांढरे दोरे सोडतो, मागे जातो,
पुन्हा तेच.
माझी बोटं आपोआप चिमटीत आली,
चिमटीत काही नव्हतं.
दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले.

तेवढ्यात लाइट आली,
मागे रस्ता नाक्यापर्यंत पेटत गेला
आणि आठवलं,
परुळेकरणीची मोरपंखी उद्या सकाळी द्यायचीय,
अर्धी अजून सुईतच आहे.

शेंगदाणे संपेपर्यंत बसले.
मग पुडीचा कागद उलगडून
त्यावरचंही वाचलं.