दुबेळकं

मतदार यादी, भाग एकशे बारा, परदेशीपुरा.
अनुक्रमांक चारशे सात: अंत विशाल नोएल.
वय एक्क्याऐंशी. वडिलांचं नाव: अंत विशाल हर्बर्ट.

दार उघडलं तेव्हा म्हाताऱ्याच्या हातात
अर्धी खरवडलेली गिलकी होती.
‘सर, नावात काही दुरुस्ती?’
‘मॅडम, साठ वर्षं तीच तर चाललीये,’
मिलमध्ये शिकलेल्या मराठीत म्हणाला.

बिस्किटाच्या डब्यातून मग निघाले
वीजबिलातला इंटविसाल,
रेशनकार्डावरचा एन. टी. विशाल,
हजेरीपत्रकात कुणा मुनीमजीने
घाईत उरकलेला अंटी बिसल,
आणि गॅसवाल्याचा नुसता ‘विशाल भिया’.
‘त्याला मी ओ देतो.
पोरगा सिलिंडर आतपर्यंत आणून ठेवतो.’

एंटविसल.
मी तीनदा म्हटलं.
तिसऱ्यांदा तो ‘चालेल’ म्हणाला,
वर्गात मी पोरांना म्हणते तसं.

लँकेशायरात याच नावाचं खेडं आहे.
जुन्या बोलीत ट्विसल म्हणजे दोन ओढे भेटतात ते बेचकं
(त्याने दोन बोटं फाकवून दाखवली)
आणि एंट म्हणजे बदकं.
‘काही जण पाणकोंबड्या म्हणतात.
बघायला कोण गेलं होतं?’

‘म्हणजे बदकांचं दुबेळकं,’ मी म्हणाले,
‘आमच्यात असता तर बदकबेळकर झाला असता.’
तो शब्द त्याने पुन्हा म्हणायला लावला,
डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने उतरवून घेतला.

आजा सूतखात्याचा मास्तर होऊन आला.
तिकडे गावंच्या गावं सुतात, त्यामुळे
इथल्या चात्यांना तो बिचकला नाही,
बिचकला उन्हाला. तरी राहिला.
मिलचं भोंगा देणं थांबून किती वर्षं झाली,
थकबाकीच्या दाव्यात नातू अजून
अंत विशाल व इतर.

‘तुम्ही पाहिलंय ते खेडं?’
त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं,
सावकाश, एकही अक्षर न चुकवता: कोळथरकर.
‘तुम्ही पाहिलंय कोळथरे?’
समुद्र आहे म्हणतात तिथे.

नमुना आठ भरला. परत आला:
पुराव्यांत एकवाक्यता नाही.

या जानेवारीत नमुना सात.
नाव वगळण्याचं कारण: मृत्यू.
शाईपेनाने, जोडाक्षर जपून, मी लिहिलं
नोएल हर्बर्ट एंटविसल.
हा कुणी परत पाठवला नाही.

घरी जाताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर रिक्षा थांबवली.
छत्र्यांच्या पायाशी कान्ह आणि सरस्वती,
दोघी सारख्याच काळ्या,
कुठली कुठे शिरते कळत नाही.
‘इथे काय बघता मॅडम, नाला आहे.’
जलपर्णीत काहीतरी हललं,
कोंबडीएवढं. पिशवीही असेल.
मीटर चालू ठेवा, म्हणाले.